सयाजी मापाड्याने भंडारा उचलला नाही

दिनांक ९ फेब्रुवारी १९५४, मंगळवार. त्या दिवशी चाकणच्या भुईकोट किल्ल्यात मी दोनशे सत्त्याऐंशी रुपये आठ आणे रोजंदारी वाटली. माणसे दोनशे तीस, दर माणशी सव्वा रुपया. दोनशे तीस अंगठे आणि सह्या त्या पानावर आहेत. एका माणसाचा अंगठा नाही. हे लिहिले आहे ते त्याच्याविषयी.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. बी. कॉम. होऊन पुण्यातल्या एका चित्रसंस्थेत हिशेबनीस म्हणून लागलो होतो. संस्था ‘मुद्राधर’ नावाचे ऐतिहासिक चित्र काढत होती. एक राजा आपल्या मेलेल्या भावाची जहागीर त्याच्या विधवेकडून हिसकावू पाहतो. भावाने मरताना जहागीर आपल्याला दिली, असे सांगणारा खोटा साक्षीदार तो दरबारात उभा करतो. साक्षीदार हातात बेलभंडारा घेऊन खोटी आण घेतो. पण राजाची मुद्रा ज्याच्या ताब्यात असते तो म्हातारा कारभारी त्या हुकमावर शिक्का मारायला नकार देतो आणि प्राणाला मुकतो. ‘हात आपला चाकर आहे महाराज, इमान नाही,’ असे एक वाक्य त्याच्या तोंडी होते. आमचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते वाक्य वाचून दाखवताना रडत. मी त्यांना दोनदा रडताना पाहिले आहे.

दरबार किल्ल्याच्या पडक्या तटाला लागून उभा केला होता. माणसे, बैलगाड्या, पाणी, सगळे लक्ष्मणरावांनी पुरवले. लक्ष्मणराव चाकणच्या बाजारातले सर्वांत मोठे अडते. आजूबाजूच्या गावांचा माल त्यांच्या दुकानापुढे उतरायचा आणि त्यांच्या शब्दाने भाव निघायचा. बाजारात हमाली कोणी करायची, माप कोणी धरायचे, हेही तेच ठरवत. माणशी सव्वा रुपयातले दोन आणे किल्ल्याच्या दरवाजातच त्यांचा दिवाणजी काढून घेतो, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळले. मी मास्तरांना सांगितले. ते म्हणाले, "तुम्ही आकडे बघा." मी आकडे बघितले.

त्या मंगळवारी खोट्या साक्षीदाराचे काम करणारा नट तापाने फणफणला. मास्तरांना तिथल्या तिथे दुसरा माणूस हवा होता, खणखणीत आवाजाचा.

"आवाज ना?" लक्ष्मणराव म्हणाले. "मग आमचा मापाडी घ्या. त्यानं बाजारात ‘लाभ’ म्हटलं की वेशीवर ऐकू येतं."

मापाडी धान्य मापताना पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. मग दोन, तीन, चार. प्रत्येक आकडा ओरडून, म्हणजे विकणारा आणि घेणारा दोघांनाही ऐकू जावा. सयाजी वीस वर्षे चाकणच्या बाजारात हेच करत होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने वाळलेला, कपाळावर भंडाऱ्याचे बोट. त्याने हाक दिलेला आकडा कोणी पुन्हा मोजत नसे. मापाड्याजवळ एवढीच पुंजी असते.

तो सकाळपासून रोजावर गर्दीतच उभा होता. त्याला आणून अंगावर अंगरखा चढवला, डोक्यावर पगडी ठेवली. काम एका वाक्याचे, पाच रुपये ठरले. तो लाजत हसलासुद्धा. "दुर्गाबाई वळकायची न्हाई मला," असे बायकोविषयी काहीतरी म्हणाला.

आता माझी चूक सांगतो. सामानाच्या यादीत अच्छेर, म्हणजे अर्धा शेर, हळद होती. लक्ष्मणराव म्हणाले, "विकत कशाला? खंडोबाच्या देवळात रग्गड पडलाय भंडारा." मला बरे वाटले, नऊ आणे वाचले. गुरव पितळी ताटात भंडारा आणि वर बेलाची पाने घेऊन आला. तो अनवाणी आला आणि ताट ठेवून हात जोडून मागे सरकला. माझ्याशिवाय ते बहुतेक सगळ्यांनी पाहिले.

सयाजी ताटाजवळ वाकला आणि सरळ झाला.

"ह्यो खंडोबाचा हाय."

"असू दे की," मास्तर म्हणाले. "उचल आणि म्हण."

"काय म्हनायचं त्ये परत सांगा."

मास्तरांनी वाचले, "‘धाकट्या सरकारांनी जहागीर महाराजांच्या पदरात घातली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. खोटं बोलत असेन तर माझा निर्वंश होवो.’"

"आन त्यानं पाह्यलेलं न्हाई."

"अर्थात नाही! तू खोटा साक्षीदार आहेस."

"मग ही खोटी आन झाली."

"अरे बाबा, नाटक आहे हे."

"मी नाटकातला हाय," सयाजी म्हणाला. "भंडारा न्हाई नाटकातला."

लोक हसले. मास्तरही जरा हसले. सयाजीनेच वाट काढली. "बाजरीचं पीठ आना. पिठावर म्हनतो. दहा येळा म्हनतो." छायाचित्रकाराने खांदे उडवले. चित्र काळेपांढरे, हळद काय आणि पीठ काय. मास्तर ‘हो’ म्हणण्याच्या बेतात होते. एवढ्यात लक्ष्मणराव खुर्चीवरून उठले.

"पीठ यायचं न्हाई," ते म्हणाले. "दोनशे माणसांत माझा मापाडी मला अट घालणार? सया, उचल."

"न्हाई जी."

"मी सांगतोय."

"तुमी सांगाल ती गाडी मापीन, मालक. ह्ये न्हाई."

मास्तर मला हळूच म्हणाले, "यांना दुखवून उद्या गाड्या कुठून आणायच्या?" आणि मोठ्याने म्हणाले, "मला खरेपणा हवा आहे. पीठ चालणार नाही." लक्ष्मणरावांनी मावळ्यांचे आणि भालदारांचे सोंग घेतलेल्या सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असे जाहीर केले, "ह्यानं उचलला न्हाई तर आज कुणाला रोज न्हाई."

गर्दी क्षणात फिरली.

"ए सयाजी, उचल की! सकाळपासनं भाला धरून हुबा हाय, खांदा निखळला माझा."

"तुझं इमान काय भाकरीला लावू का रं?"

"बायकू वळकंना म्हनून भितोय जनू!"

"आरं, भंडाऱ्याला कोन भितो? ज्येच्या पोटात पाप असतं त्यो."

हे शेवटचे कोण बोलले ते मला दिसले नाही. सयाजीने मात्र त्या आवाजाच्या दिशेने पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने पगडी काढून माझ्या हातात दिली, अंगरखा घडी घालून दिला आणि तटाच्या खिंडारातून बाहेर पडला. मागून ढेकळे गेली. एक पाठीत बसले. त्याने वळून पाहिले नाही.

मग सोपानराव नावाचे एक गृहस्थ पुढे झाले. भंडारा उचलला, वाक्य एका दमात म्हटले, पाच रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खंडोबाला नारळ फोडला आणि मोकळे झाले. "देवाला कळतं शिनेमा काय आन खरं काय," ते सगळ्यांना सांगत. रोज सगळ्यांना मिळाला. लक्ष्मणराव म्हणाले, "सयाचं नाव कागदावर ठेवू नका." मी नाव खोडले नाही. पैसेही दिले नाहीत.

गोष्ट इथे संपेल असे मला वाटले होते, कारण मी शहरातला. त्या मुलखात चोरीचा संशय असो, बांधाचे भांडण असो, आरोपीला देवळात नेऊन बेलभंडारा उचलायला सांगतात. उचलला तर सुटला. नाही उचलला तर पुरावा लागत नाही. दहाबारा गावच्या दोनशे तीस माणसांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले होते की सयाजी मापाड्याने भंडारा उचलला नाही. घरी जाऊन त्यांनी तेवढेच सांगितले. मागचेपुढचे सांगायला दम लागतो, आणि इतकी बारीक गोष्ट ऐकतो कोण?

गाड्यांची बिले मिटवायला मी चाकणातच राहिलो होतो. शनिवारच्या बाजारात सयाजी नेहमीच्या जागी पायली घेऊन बसलेला मी पाहिला. गाड्या त्याच्यापुढून पुढे जात होत्या. अंबुबाई नावाची एक म्हातारी भुईमुगाच्या शेंगांचे पोते घेऊन आली. वीस वर्षे तिचा माल त्यानेच मापला होता. ती थांबली.

"तू भंडारा उचलला न्हाईस म्हंत्यात."

"न्हाई उचलला, आत्ये."

"मग माझी शेंग ऱ्हाऊ दे बाबा," ती म्हणाली आणि पोते दुसऱ्या मापाड्यापुढे नेले. तिच्या बोलण्यात राग नव्हता. सयाजीने पायली जमिनीवर पालथी ठेवली.

दुपारी लक्ष्मणरावांनी बाजाराच्या मधोमध उभे राहून निवाडा दिला. उद्या रविवार, देवाचा वार. सयाजीने देवळात यावे, भंडारा उचलावा आणि ‘मी उभ्या जन्मात खोटं मापलं नाही’ असे सर्वांसमक्ष म्हणावे. म्हटले तर पायली त्याची. "आता तर शिनेमा न्हाई ना?" ते म्हणाले. "आता खरंच म्हनायचंय."

मला हे न्यायाचे वाटले. मी सयाजीला गाठून तसे म्हटलेही. "उद्या मिटून जाईल, मापाडी." त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी वाटेला लागलो.

रविवारी देवळापुढे जागा नव्हती. बायका दीपमाळेच्या चौथऱ्यावर चढल्या होत्या. दुर्गाबाई, सयाजीची बायको, एकटी कडेला उभी होती. तिच्याजवळ कोणी उभे नव्हते. गुरवाने ताट पुढे केले. सयाजीने या वेळी वाट पाहिली नाही. ओंजळीत भंडारा घेतला, वर बेल ठेवला. गर्दी ‘येळकोट’ म्हणायच्या तयारीत होती.

"मी खोटं मापलं न्हाई, असं मी म्हननार न्हाई," तो म्हणाला. मापाचाच आवाज, वेशीवर ऐकू जाईल असा. "लढाईच्या साली सरकारनं लेव्ही लावली. प्रत्येकानं सरकारात धान्य घालायचं. लक्ष्मणरावांच्या वाट्याला शंभर पायल्या आल्या. मापाला मी होतो. साठ झाल्या आन मी पुढचा आकडा एक्याऐंशी बोललो. त्येंनी सांगितलं म्हनून बोललो. वीस पायल्या घातल्याच न्हाईत. आदी आन मागनं, दुसरं खोटं माप माझ्या हातनं झालेलं न्हाई. ह्यात बदल असंल तर खंडोबा माझं वाटोळं करंल."

त्याने भंडारा कपाळाला लावला आणि ताटात परत ठेवला.

कोणी येळकोट म्हटले नाही. सगळ्यांनी लक्ष्मणरावांकडे पाहिले. लक्ष्मणराव शांतपणे पुढे आले.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "चोर आपल्या तोंडानं बोलला. माप कुनाच्या हातात होतं? ह्याच्या. आकडा कुनी वरडला? ह्यानं. माझं नाव आज घेतोय, पायली जायची येळ आली म्हनून. दहा वर्सं का गप होता?"

दहा वर्षे तो गप्प होता हे खरेच होते.

"तिकडं शिनेमात खोटं म्हनायचं तर न्हाई म्हनला," मागून एकजण ओरडला, "आन इकडं न्हाई म्हनायचं तर खोटं केलं म्हनला! काळीजच उलटं बसलंय ह्याचं." लोक खदाखदा हसले. ज्यांनी लेव्हीत आपल्या पोटापुरती ठेवलेली बाजरी घातली होती तेही हसले. लक्ष्मणरावांना काही विचारण्यापेक्षा सयाजीला हसणे सोपे होते. त्याच दुपारी पायली सोपानरावांच्या मेव्हण्याकडे गेली. सयाजीच्या पोरांना विहिरीवर कोणी पाणी भरू देईना, तेव्हा महिन्याभरात त्याने घराला कुलूप लावले.

‘मुद्राधर’ पुढच्या वर्षी लागले. मुद्राधराच्या वाक्याला पुण्यात टाळ्या पडल्या. सुरुवातीच्या आभारांत लक्ष्मणरावांचे नाव होते. चित्र चालले नाही, आणि १९५६ च्या एप्रिलमध्ये संस्था गुंडाळताना सगळी देणी मिटवण्याचे काम माझ्याकडे आले. रोजंदारीच्या पानावर सयाजीचे नाव अंगठ्याविना मोकळे दिसले. तो कासारवाडीला राहतो एवढे चाकणच्या एका हमालाकडून कळले. मी चिंचवडहून चालत गेलो.

स्टेशनच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. पिंपरीला कारखान्यांची बांधकामे जोरात होती आणि त्यांवर राबणारी माणसे तिथे राहत. सयाजी कोणता ते कोणाला सांगता येईना. कोपऱ्यावर करीम नावाच्या गृहस्थाचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. तिथे पाचसहा कामगार विड्या ओढत बसले होते. मी नीट खुलासा करावा म्हणून सगळे सांगितले. चाकणचे मापाडी, सिनेमात ज्यांनी बेलभंडारा उचलला नाही, मग देवळात ज्यांनी असे असे सांगितले, ते.

"अच्छा, वो," करीम म्हणाला. "वीटवाले सयाजीभाऊ. शेवटची खोली." बाकीचे एकमेकांकडे पाहत होते.

दारात दुर्गाबाई होती. तिने मला ओळखले.

"आता काय ऱ्हायलं?" ती म्हणाली. "पगडी द्यायची ऱ्हायली का परत?"

मी म्हटले, त्या दिवसाचा रोज द्यायचा आहे. आतून सयाजी बाहेर आला. केस पांढरे झाले होते. एका ठेकेदाराकडे तो गाडीतून उतरणाऱ्या विटा मोजत होता. मी सव्वा रुपया म्हणून दहाची नोट काढली.

"सव्वा न्हाई," तो म्हणाला. "मी अर्धा दीस हुबा होतो. दहा आणे."

"पूर्ण घ्या, मापाडी. तुमच्यावर—"

"मापाडी म्हनू नका. हितं मापाडी कुनी न्हाई." आवाज त्याने मुद्दाम खाली ठेवला होता. "जे माझ्यावर झालं, त्याचं तुमच्याकडं माप न्हाई. अर्ध्या दिसाचं हाय, तेवढं द्या."

सुटे म्हणून माझ्या खिशात आठ आण्यांचे एकच नाणे होते. त्याने ते घेतले. मी रोजंदारीचे पान आणि शाई पुढे केली, त्याने अंगठा दिला नाही. "पुरं झाल्यावर," म्हणाला.

"चिंचवडला तंबूत लागलंय तुमचं चित्र," दुर्गाबाई म्हणाली. "ह्यांनी खोलीबाहेर पाय टाकला न्हाई चार दीस. चाकणची गोष्ट निघंल आन कुनी वळखील म्हनून. आन तुमी कुनाला इचारत आलात?"

मी सांगितले, करीमच्या दुकानात.

"काय सांगून इचारलंत?"

मी सांगितले. दुर्गाबाईने तोंडाला पदर लावला. सयाजी आत गेला आणि त्याने दार लोटले.

मे महिन्यात मी सुटे घेऊन पुन्हा गेलो. शेवटच्या खोलीत दुसरेच बिऱ्हाड होते. करीमने चाक फिरवत ठेवून माझ्याकडे पाहिले, बसायला सांगितले नाही.

"तुम्ही बोलून गेलात, दुसऱ्या दिवशी पुरी लाइन बोलत होती. त्यात एक खेडकडचा होता. ठेकेदाराच्या कानावर गेलं, भंडारा न उचललेला माणूस विटा मोजतोय. त्यानं मोजणी काढून घेतली, डोक्यावर पाटी दिली. आठ दिवस टाकल्या सयाजीभाऊंनी. मग गेले."

"कुठे?"

"तुम्हाला सांगून जातील, राव?" तो म्हणाला आणि चाकाकडे वळला.

मी नंतर देहूरोडला, तळेगावला चौकशी केली. या वेळी फक्त नाव विचारले. सयाजी नावाचे पुष्कळ होते, तो नव्हता. संस्थेचे दप्तर जूनमध्ये बंद झाले. सर्व देणी फिटल्याचा दाखला माझ्या सहीने जोडला आहे. तो बरोबर नाही. सयाजीचे दोन आणे देणे आहे.